डोरोथी हॉजकिन व त्यांचे हात

पावसाळा सरला म्हणजे आपल्या पालघर-वसईकडील मिठागरांत खाडीचें पाणी वाफ्यांत घेतात. तें उन्हानें हळूहळू आटतें, आणि एके दिवशीं तळाशीं पांढरे दाणे दिसूं लागतात. त्यांतला एखादा दाणा भिंगाखालीं धरून पाहावा. तो सोंगटीच्या फाशासारखा चौकोनी असतो. कोणा कारागिरानें तो घडविलेला नसतो. मिठाचे सूक्ष्म कण एकाशेजारीं एक, ओळींत ओळ, असे बसत गेले आणि त्यांतून फांसा आपोआप तयार झाला. अशा पदार्थास स्फटिक म्हणतात. तुरटी, मोरचूद, खडीसाखर हीं सारीं त्याच कुळांतलीं. परंतु आपल्या शरीरांतील प्रथिनांचेही स्फटिक होतात, ते मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान व मुरंब्याच्या पाकासारखे मऊ असतात, आणि त्यांच्याच साहाय्यानें कित्येक औषधांचें अंतरंग मनुष्यास कळलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. ह्या विद्येंत अग्रगण्य ठरलेल्या डोरोथी हॉजकिन बाईंचें चरित्र आम्ही यंदा वाचकांस सादर करीत आहों.

हें चरित्र निवडण्यास एक कारण घडलें. आमच्या सालवडच्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामास जातें. पूर्वीं चार माणसें मिळून करीत तें काम आतां एक यांत्रिक हात करतो, असें वडील संध्याकाळीं घरीं येऊन सांगतात. आणि दुसऱ्या दिवशीं मुलगा वर्गांत आम्हांस विचारतो कीं, सर्व कांहीं यंत्रच करणार असेल तर हातानें काम शिकून काय उपयोग? ह्या प्रश्नास आम्हांपाशीं तयार उत्तर नव्हतें. हॉजकिन बाईंचें चरित्र वाचूं लागलों तेव्हां तोच प्रश्न निराळ्या वेषांत पुढें उभा राहिला, म्हणून तें येथें थोडें विस्तारानें सांगतों.

डोरोथीचा जन्म १२ मे १९१० रोजीं मिसर देशांत कैरो येथें झाला. वडील जॉन क्रोफुट हे तेथील शिक्षणखात्यांत होते व पुढें सुदानांत गेले. जुने अवशेष उकरून काढण्याचा त्यांस मोठा नाद. आई मॉली ह्या प्राचीन वस्त्रांच्या विणीचा अभ्यास करीत आणि रानफुलांचीं चित्रें काढीत. चार बहिणींत डोरोथी थोरली. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां ती अवघी चार वर्षांची होती. तिला व तिच्या धाकट्या बहिणींना इंग्लंडांत दाईजवळ ठेवून आईवडिलांस परत जावें लागलें. आजीआजोबा जवळ होते, पण आईची भेट त्या वर्षांत दुर्मिळच.

दहाव्या वर्षीं एका लहानशा वर्गांत तिला तुरटी व मोरचूद यांचे स्फटिक वाढवून पाहण्यास शिकविलें. दोऱ्याला टांगलेला खडा रोज किंचित् मोठा होतो, त्याच्या कडा धारदार होत जातात, हें पाहून ती इतकी वेडावली कीं घराच्या माळ्यावर तिनें आपली छोटी प्रयोगशाळा मांडली. पुढें बेकल्स गांवच्या शाळेंत रसायनशास्त्र मुलांनाच शिकवीत. डोरोथी व तिची एक मैत्रीण ह्या दोघींस त्या वर्गांत बसण्याची खास परवानगी मिळाली. आईवडिलांना भेटावयास ती खार्टुमला गेली असतां जोसेफ नांवाच्या एका रसायनशास्त्रज्ञानें तिला खनिजें तपासण्याची कृति दाखविली व रसायनांची पेटी भेट दिली. सोळाव्या वाढदिवशीं आईनें सर विल्यम ब्रॅग यांचें मुलांसाठीं दिलेल्या व्याख्यानांचें पुस्तक हातीं ठेवलें. क्ष-किरणांच्या साहाय्यानें पदार्थांतील अणु जणूं डोळ्यांनीं पाहतां येतात, असें त्यांत तिनें वाचलें. मुलींच्या हातीं कोणतें पुस्तक पडतें याकडे पालकांनीं लक्ष द्यावें, असें आम्हांस येथें वाटल्यावांचून राहत नाहीं.

हें अणु पाहणें म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. स्फटिकावर क्ष-किरणांचा झोत सोडला म्हणजे आंतील अणूंच्या ओळींवरून ते विखुरतात, आणि पलीकडे ठेवलेल्या फिल्मवर ठिपक्यांची रांगोळी उमटते. आपल्या अंगणांतील रांगोळींत आधीं ठिपके काढून मग रेघा जुळवितात. येथें ठिपक्यांची जागा व त्यांचा ठळकपणा मोजून, पुष्कळ गणित करून, कोणता अणु कोठें बसला आहे तें शोधावयाचें असतें. एक ठिपका चुकला तर नक्षी बिघडते, आणि स्फटिकच बिघडला तर ठिपके मुळींच उमटत नाहींत.

१९२८ सालीं डोरोथी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजांत गेली आणि १९३२ सालीं पदवी मिळवून केंब्रिजला बर्नाल नांवाच्या तेजस्वी शास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम करूं लागली. तेथें १९३४ सालीं जें घडलें, त्यावर पुढील सारी विद्या उभी आहे. स्वीडनमध्यें फिलपॉट नांवाच्या संशोधकानें पेप्सीन ह्या पाचक प्रथिनाचें द्रावण शीतपेटींत ठेवलें व तो सुटीवर गेला. परत येऊन पाहतो तों त्यांत सुरेख मोठे स्फटिक झालेले. केंब्रिजचे मिलिकन नांवाचे एक गृहस्थ तेथें आले होते. त्यांनीं त्या स्फटिकांची नळी कोटाच्या खिशांत घालून बर्नाल यांस आणून दिली. बर्नाल यांनीं एक स्फटिक द्रवांतून काढून किरणांपुढें धरला, पण ठिपके कांहीं उमटेनात. मग सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांस दिसलें कीं, स्फटिक बाहेर काढतांच सुकतो आणि आंतील घडी विस्कटते. प्रथिनाच्या स्फटिकांत जवळजवळ निम्मा भाग पाण्याचा असतो. तें पाणी उडालें कीं राहतो तो निव्वळ सांगाडा. तेव्हां त्यांनीं स्फटिक त्याच्याच द्रवासह केंसासारख्या बारीक कांचनळींत बंद केला, आणि मग फिल्मवर ठिपकेच ठिपके. प्रथिनांचे अणूही शिस्तीनें बसलेले असतात, हें जगास प्रथमच कळलें.

ज्या दिवशीं तें चित्र घेतलें गेलें, त्या दिवशीं डोरोथीबाई प्रयोगशाळेंत नव्हत्या. हातांच्या सांध्यांत विलक्षण ठणका सुरू झाला होता, म्हणून त्या लंडनला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. वय चोवीस; रोग संधिवाताचा, आणि तोही जन्मभर न सोडणारा. ज्या विद्येंत केंसाएवढी नळी व धुळीएवढा स्फटिक हातानें हाताळावा लागतो, त्या विद्येच्या उंबरठ्यावर उभ्या असतांना त्यांचे हात त्यांना सोडून जाऊं लागले. आपल्या चिंचणीकडे सोनारांसाठीं पोलादी डाय कोरणारे कारागीर आहेत. भिंग लावून ते रेघ-रेघ कोरतात. त्यांच्यापैकीं एखाद्या तरुणाचीं बोटें वाकूं लागलीं तर घरांतील माणसांच्या मनाची काय स्थिति होईल, ती वाचकांनीं कल्पनेनें जाणावी.

डोरोथीबाई परत आल्या, चित्रें पुढें घेतलीं, आणि बर्नाल व त्या या दोघांच्या नांवें तो शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं त्या ऑक्सफर्डला परतल्या. तेथें त्यांस मिळालेली जागा विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयांतील तळघरवजा खोली होती. एकच खिडकी, तीही उंच. सूक्ष्मदर्शक ठेवला होता वर सज्जावर, आणि तेथें जाण्यास शिडीसारखा उभा जिना. वर बसून स्फटिक निवडावयाचा, बसवावयाचा, आणि तो एका हातांत सांभाळीत दुसऱ्या हातानें आधार घेत खालीं किरणयंत्रापर्यंत आणावयाचा. पाय घसरला तर कित्येक आठवड्यांचें काम गेलें. दुखऱ्या सांध्यांनिशीं हा जिना त्या वर्षानुवर्षें चढल्या व उतरल्या.

तेथेंच रॉबर्ट रॉबिन्सन यांनीं त्यांस इन्सुलिनची चिमूटभर पूड दिली. इन्सुलिन म्हणजे मधुमेही रोग्यांस टोंचतात तेंच औषध. तें १९२१ सालीं कॅनडांत शोधलें गेलें होतें. बाईंनीं तें पुन्हां विरघळवून त्याचे स्फटिक मोठे केले, आणि १९३५ सालीं कित्येक तास किरण सोडून चित्र घेतलें. रात्रीं उशिरां फिल्म धुतली, तों मधोमध ठिपक्यांची लहानशी नक्षी. आनंदानें त्या ऑक्सफर्डच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून भटकत राहिल्या. दुसऱ्या दिवशीं मात्र मनांत शंका आली कीं हा स्फटिक प्रथिनाचाच कशावरून, आणि आधीं ती शंका त्यांनीं फेडून घेतली. हा दुसरा दिवस आम्हांस त्या रात्रीइतकाच मोलाचा वाटतो.

१९३७ सालीं थॉमस हॉजकिन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पहिला मुलगा १९३८ सालीं झाला, आणि पाठोपाठ संधिवाताचा असा जबर झटका आला कीं उठणें, कपडे घालणें, मुलाला उचलणें, सारेंच अशक्य झालें. उपचारांनीं वेदना कमी झाल्या, पण हातांचीं बोटें कायमचीं वांकडीं झालीं. प्रयोगशाळेंत परतल्यावर त्यांस आढळलें कीं किरणयंत्राचा मुख्य खटका आतां आपणांस ओढवत नाहीं. त्यांनीं त्याला एक लांब दांडा बसवून घेतला आणि काम पुढें चालू केलें. हा दांडा लहानशी गोष्ट आहे खरी. परंतु पुढें जें घडलें त्याची सुरुवात आम्हांस त्यांतच दिसते.

दुसऱ्या महायुद्धांत जखमी सैनिकांस वांचविणारें पेनिसिलिन हातीं आलें होतें, पण त्याची रचना रसायनशास्त्रज्ञांस उलगडेना. मोठमोठ्या पंडितांत वाद माजला. डोरोथीबाई व त्यांच्या सहकारी बार्बरा लो यांनीं १९४५ सालीं ती रचना निश्चित केली. पुढें जीवनसत्त्व ब-१२ हातीं घेतलें. रक्तक्षयाच्या एका प्राणघातक प्रकारावर तें औषध आहे. त्याच्या एका रेणूंत १८१ अणु असतात. हातानें गणित करूं म्हटलें तर आयुष्य अपुरें पडावें. म्हणून अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील ट्रूब्लड यांनीं तेथील नव्या गणकयंत्रावर आंकडेमोड करून द्यावी आणि बाईंनीं ऑक्सफर्डला बसून तिचा अर्थ लावावा, अशी व्यवस्था झाली. सुमारें आठ वर्षांच्या परिश्रमांनीं १९५६ सालापर्यंत तें कोडें सुटलें. यंत्रावर काम सोंपविण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. परंतु यंत्रानें दिलेला आंकडा त्या जशाचा तसा स्वीकारीत नसत, तर अणूंचे नकाशे पुढें पसरून तासन् तास पाहत बसत.

१९६४ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस एकट्यांस मिळालें. ह्या शास्त्रांत तो मान त्यांच्या आधीं दोनच स्त्रियांस मिळाला होता, मादाम क्युरी व त्यांची कन्या आयरीन. वार्ता पोंचली तेव्हां त्या पतीसमवेत आफ्रिकेंत घाना देशांत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांत इंग्लंडच्या पुढील पंतप्रधान मार्गारेट थॅचर याही होत्या, हें पुष्कळांस नवल वाटेल. दोघींचीं राजकीय मतें अगदीं विरुद्ध. तरी परस्परांविषयींचा आदर टिकला.

इन्सुलिन मात्र अजून उलगडावयाचें होतें. १९३५ सालच्या त्या ठिपक्यांपासून त्याची पूर्ण रचना हातीं येईपर्यंत ३४ वर्षें गेलीं. आतां सूक्ष्म काम बाईंच्या बोटांच्यानें होत नसे; तें त्यांचे तरुण सहकारी करीत, आणि त्यांत देशोदेशींचीं माणसें होतीं. त्यांत आपल्या हिंदुस्थानचे एम्. विजयन् होते. ते पुढें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत परतले आणि प्रथिनांच्या स्फटिकांची विद्या त्यांनीं आपल्या देशांत रुजविली. २०२२ सालीं त्यांचें निधन झालें. इन्सुलिनची रचना जगापुढें आली तें १९६९ साल. आमच्या विद्यार्थ्यांस हें साल लक्षांत ठेवणें कठीण नाहीं, कारण त्याच वर्षीं तारापूरच्या अणुवीजकेंद्रांतून वीज मिळूं लागली.

आतां त्या यांत्रिक हाताकडे वळतों. बाईंच्या तरुणपणीं एका स्फटिकाचें एक चित्र घेण्यास तासच्या तास लागत. पुढें इलेक्ट्रॉन प्रचंड वर्तुळांत धांववून अतिशय प्रखर क्ष-किरण निर्माण करणारीं यंत्रें उभीं राहिलीं, आणि त्यांच्यापुढें एका स्फटिकाचें काम कांहीं मिनिटांत होऊं लागलें. मग अडचण उलट झाली. किरण क्षणांत काम करीत, पण वेळ मोडे तो माणसाचा. शिशाच्या भिंतींच्या खोलींत जावें, स्फटिक बसवावा, बाहेर यावें, आंत कोणी राहिलें नाहीं ना हें पाहावें, दार लावावें. आणि हें दर स्फटिकास. म्हणून ह्या शतकाच्या आरंभापासून तेथें यांत्रिक हात बसूं लागले.

त्यांचें काम पाहण्यासारखें आहे. स्फटिक वाढविण्याची तबकडी ९६ खळग्यांची असते. एक यंत्र त्या प्रत्येकांत मिलिलिटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा थेंब सोडतें. स्फटिक झाला कीं टांचणीच्या टोकावरील नायलॉनच्या सूक्ष्म फासानें तो थेंबांतून उचलतात आणि लगेच द्रव नायट्रोजनांत बुडवितात. तेथील थंडी शून्याखालीं १९६ अंश. इतकी थंडी अशासाठीं कीं प्रखर किरणांनीं स्फटिकाची हानि होते, ती गारठ्यांत पुष्कळ कमी होते. अशा सोळा सोळा टांचण्या एका चकतींत लावून ठेवतात. यांत्रिक हात आपला चिमटा आधीं त्याच नायट्रोजनांत गार करून घेतो, एक टांचणी उचलतो, आणि थंड वाऱ्याच्या झोतांत किरणांपुढें नेऊन बसवितो. वाटेंत क्षणभर उशीर झाला तर स्फटिकावर बर्फ धरतो व तो वायां जातो. टांचणीच्या बुडाशीं हिमाचा कण चिकटला तरी चिमट्याची पकड चुकते. यंत्रासही अशा खोड्या सोसाव्या लागतात. पूर्वीं दिवसभरांत मूठभर स्फटिक तपासून होत, आतां शेंकडों होतात, आणि शास्त्रज्ञ शेंकडों मैल दूर आपल्या घरीं बसून तें काम चालवूं शकतो.

ह्याची कसोटी लागली ती २०२० सालीं. करोनाच्या साथीनें सारें जग घरांत बसलें असतां, बाईंच्या त्याच ऑक्सफर्ड परगण्यांतील डायमंड नांवाच्या किरणकेंद्रांत त्या विषाणूच्या एका मुख्य प्रथिनाचे स्फटिक यांत्रिक हातांनीं एकामागून एक किरणांपुढें धरले. कोणतें रसायन त्या प्रथिनाला चिकटतें हें पाहण्यासाठीं हजाराहून अधिक रसायनांचे तुकडे थोड्या आठवड्यांत तपासून झाले. आपल्याकडेही भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं इंदूरच्या इंडस-२ ह्या यंत्रावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठीं स्वतंत्र किरणमार्ग उभारला आहे.

परंतु ह्या साखळींतील एक कडी यंत्रास पूर्णपणें साधलेली नाहीं. थेंबांत तरंगणारा तो मऊ कण फासानें अलगद उचलणें, हें काम बहुतेक प्रयोगशाळांत अजून माणूसच करतो. फ्रान्समध्यें ग्रेनोबल येथें लेसर किरणांनीं स्फटिकासह खालचा पडदाच कापून घेणारें यंत्र निघालें आहे; इतरत्र थेंबाची जागा यंत्र पुढें आणून देतें आणि उचलण्याचें काम माणूस करतो. नवा विद्यार्थी आधीं कोंबडीच्या अंड्यांतील एका प्रथिनाच्या स्फटिकांवर हात बसवितो, आणि कित्येक स्फटिक मोडल्यावर त्यास तें जमूं लागतें.

डोरोथीबाई हें सारें पाहावयास राहिल्या नाहींत. उतारवयांत त्यांनीं अण्वस्त्रांविरुद्ध झटणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदेचें अध्यक्षपद १९७६ पासून १९८८ पर्यंत सांभाळलें. हेन्री मूर ह्या विख्यात शिल्पकारानें १९७८ सालीं त्यांचीं चित्रें काढलीं, तीं चेहऱ्याचीं नव्हेत, त्या वांकड्या हातांचीं. १९८५ सालीं मॅगी हॅम्ब्लिंग यांनीं त्यांचें मोठें चित्र रंगविलें. त्यांत टेबलाशीं कागद पसरून काम करीत असलेल्या बाईंना चार हात दाखविले आहेत. आपल्याकडील देवीच्या मूर्ति पाहणारास त्याचें नवल वाटणार नाहीं. १९९३ सालीं, चाकांच्या खुर्चीशिवाय हलतां येत नसतांही, स्फटिकशास्त्रज्ञांच्या परिषदेसाठीं त्या बीजिंगला गेल्या. २९ जुलै १९९४ रोजीं इल्मिंग्टन ह्या खेड्यांत, वयाच्या ८४ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलास आम्हीं ही सारी हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें तुरटीचा खडा, दोरा व एक कांचेचा पेला मागितला. विज्ञानाच्या खोलींतील खिडकीशीं तो पेला आज तीन आठवडे आहे, आणि त्याला कोणी हात लावूं नये अशी चिठ्ठी त्यानें वर चिकटविली आहे.